उडत्या तबकड्यांचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडेफार नीट करून दिले आहे.)



भाषणासाठी फोन आला तेव्हा सेक्रेटरीसाहेबांची अपेक्षा होती की मी 'मृत्युपत्र का करावे' किंवा 'ज्येष्ठांची गुंतवणूक' यावर बोलावं. निवृत्त बँकवाला दुसरं काय बोलणार? पण या दोन विषयांवर याच सभागृहात मी चार वेळा बोललो आहे आणि तरीही मृत्युपत्र फक्त तिघांनी केलं आहे. म्हणून म्हटलं, या वेळी उडत्या तबकड्यांवर बोलतो. फोनवर थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "काका, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत उत्तम आहे. आणि विषय वाटतो तितका लांबचा नाही. तुम्हाला २०२२ चा गुढीपाडवा आठवत असेल. २ एप्रिल. कोरोनाचे निर्बंध त्याच पाडव्याला उठले होते, त्यामुळे दोन वर्षांनी आपण सगळे गच्चीवर जेवायला जमलो होतो. पावणेआठच्या सुमारास कोणीतरी ओरडलं, "अरे, ते पाहा!" आणि आपण सगळ्यांनी माना वर केल्या. पेटलेले गोळे, मागे लांब शेपट्या, एकामागून एक, अगदी सावकाश आकाशातून चाललेले. बी विंगमधल्या काकूंनी हात जोडले. कोणी म्हणालं क्षेपणास्त्र, कोणी म्हणालं उल्का. मुलं "एलियन, एलियन" म्हणून नाचायला लागली. आणि मी? मी हातातली मसालेभाताची ताटली खाली ठेवून अत्यंत अधिकारवाणीनं सांगितलं की हे विमान पेटलेलं आहे. का सांगितलं, देव जाणे. चाळीस वर्षं खुर्चीत बसल्यावर माणसाला 'माहीत नाही' म्हणण्याची सवय राहत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आकाशातून पडलं होतं. आसपास धातूचे गोळेही सापडले. इस्रोची माणसं पाहायला आली. चिनी रॉकेटचा एक टप्पा वातावरणात परत शिरताना जळाला, त्याचे हे तुकडे असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. विमान नव्हतं आणि एलियनही नव्हते.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. दोन दिवसांनी मी गेटवरच्या रजिस्टरमध्ये पार्सलची सही करायला गेलो. पान उलटलं तर पाडव्याच्या तारखेला, गॅस सिलिंडरची नोंद आणि ओलावाल्याची नोंद यांच्या मधोमध, आपल्या वॉचमननं लिहून ठेवलं होतं: "७.४७. आकाशात पेटते तुकडे, ६ किंवा ७. मावळतीकडून उगवतीकडे. आवाज नाही. अर्धा मिनिट." बस्स. ते काय होतं याबद्दल एक अक्षर नाही. वर गच्चीवर दोन इंजिनिअर, एक प्राध्यापक, एक डॉक्टर आणि मी, असे सगळे होतो. आमच्यापैकी कोणालाही वेळ पाहायचं सुचलं नव्हतं.

ती नोंद पाहून मला एक माणूस आठवला. डॉ. जोसेफ अ‍ॅलन हायनेक. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ. अशाच नोंदी वाचण्यात, तपासण्यात आणि त्यांच्यापायी लोकांची बोलणी खाण्यात ज्यांचं आयुष्य गेलं. यांचं 'द यूएफओ एक्स्पीरियन्स' हे पुस्तक मला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं होतं. बँकेत असताना घेतलं आणि दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा का वाचलं ते पुढे सांगतो.

हायनेक यांचा जन्म शिकागोतला, १ मे १९१० चा. आईवडील चेक वंशाचे. शिकागो विद्यापीठाची पदवी, १९३५ साली डॉक्टरेट, मग ओहायो स्टेट विद्यापीठात नोकरी. सरळमार्गी प्रोफेसर. विषय ताऱ्यांचे वर्णपट, त्यातही जोडतारे. काही जोडतारे एकमेकांच्या इतके जवळ असतात की दुर्बिणीतून एकच तारा दिसतो. वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात त्यावरून कळतं की इथे दोन आहेत. म्हणजे डोळा सांगतो एक आणि हिशेब सांगतो दोन, असा हा धंदा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत काम केलं. तोफेचा गोळा लक्ष्याला न लागता नुसता जवळ गेला तरी फुटावा, असा रेडिओवर चालणारा फ्यूज तिथे तयार झाला, त्या कामात ते होते.

युद्ध संपलं आणि २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाच्या एका हौशी वैमानिकानं अमेरिकेच्या वायव्येकडच्या माउंट रेनिअरजवळ नऊ चकाकत्या वस्तू प्रचंड वेगानं जाताना पाहिल्या. त्यानं वर्णन केलं की पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते, तशा त्या जात होत्या. त्याचं बोलणं होतं चालीबद्दल. पेपरवाल्यांनी आकाराला लावलं आणि 'उडती बशी' जन्माला आली. मराठीत तिची तबकडी झाली. आमच्या पिढीला तबकडी म्हटलं की ग्रामोफोनची आठवते, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतर अमेरिकेत जिकडेतिकडे तबकड्या दिसायला लागल्या. रशियाशी शीतयुद्ध सुरू झालेलं. हवाई दलाला काळजी, की ही शत्रूची नवी विमानं तर नव्हेत? डेटनच्या विमानतळावर चौकशी सुरू झाली. लोकांनी पाहिलेल्या गोष्टींत तारे किती, ग्रह किती, उल्का किती हे वेगळं काढायला एक खगोलशास्त्रज्ञ हवा होता. जवळच ओहायो स्टेट, तिथे प्रोफेसर हायनेक. १९४८ साली ते सल्लागार म्हणून गेले. त्यांना स्वतःला हा सगळा पोरखेळ वाटत होता. फॅशन आहे, दोनचार वर्षांत जाईल, तोवर चार भ्रामक समजुती दूर करण्याचं पुण्य पदरात पडेल, असा हिशेब. ती अर्धवेळ सल्लागारी २१ वर्षं चालली. चौकशीचं नाव आधी 'प्रोजेक्ट साइन', मग 'ग्रज' आणि १९५२ पासून 'ब्लू बुक'.

काम तसं आमच्या इन्स्पेक्शनसारखं. अर्ज येतात, तारीख-वेळ-दिशा पाहायची, त्या रात्री त्या दिशेला कोणता ग्रह होता ते काढायचं. बहुतेक वेळा शुक्र निघतो. मंडळी, शुक्रानं जितक्या पोलिसांना पळवलं आहे तितकं कुठल्या चोरानं पळवलं नसेल. क्षितिजाजवळ ठळक शुक्र असला आणि आपण गाडीत असलो की झाडं मागे जातात, शुक्र मात्र सोबत येतो, म्हणून वाटतं तो पाठलागच करतोय. हायनेक यांनी सुरुवातीच्या दोनशेहून अधिक प्रकरणांत असं पुष्कळ काही निकालात काढलं.

पण निकालात काढण्याची एक गोडी लागते. जानेवारी १९४८ मध्ये कॅप्टन मँटेल नावाचा वैमानिक केंटकीच्या आकाशात एका चकाकत्या वस्तूचा पाठलाग करताना विमान कोसळून गेला. हायनेक यांचं आधीचं मत होतं, शुक्र. भर दुपारी! पुढे कळलं की नौदल तेव्हा 'स्कायहूक' नावाचे प्रचंड प्लास्टिकचे बलून गुप्तपणे सोडत होतं, मँटेल बहुधा त्यातल्याच एकामागे गेला होता. (असे संशोधनाचे बलून आपल्याकडे हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते. त्यांची उपकरणं पॅराशूटनं आपल्या महाराष्ट्रातही उतरतात, आणि ती उघडू नका, पोलिसांना कळवा, अशी सूचना पेपरात येते. मुलांनी लक्षात ठेवावं.)

१९५२ च्या जुलैत तर राजधानी वॉशिंग्टनच्या विमानतळाच्या रडारवरच ठिपके दिसले, लागोपाठ दोन शनिवार-रविवार. गडबड उडाली. जानेवारी १९५३ मध्ये सी.आय.ए.नं मोठमोठ्या शास्त्रज्ञांची समिती बसवली. अध्यक्ष रॉबर्टसन नावाचे पदार्थविज्ञानी, सदस्यांत लुई अल्वारेझसारखे, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. चार दिवसांत निर्णय: यात देशाला धोका नाही, मात्र लोकांचं या विषयावरचं कुतूहल कमी करावं. हायनेक तिथे दुय्यम सदस्य म्हणून बसले होते. चार दिवसांत एवढा मोठा दप्तराचा गठ्ठा बंद होतो हे त्यांना खटकलं, असं त्यांनी पुढे लिहिलं. तेव्हा मात्र ते बोलले नाहीत. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्यांचे भक्त हे सांगत नाहीत.

मधेच त्यांच्या आयुष्यात एक फार सुंदर काम येऊन गेलं. १९५६ साली ते स्मिथसोनियनच्या खगोलभौतिकी वेधशाळेत गेले. अमेरिका कृत्रिम उपग्रह सोडणार होती, त्याचा आकाशात माग काढण्यासाठी जगभरात बारा ठिकाणी बेकर-नन नावाचे खास कॅमेरे बसवायचे होते. या साऱ्या व्यवस्थेची जबाबदारी हायनेक यांच्याकडे होती. त्या बारांपैकी एक कॅमेरा आपल्या नैनीतालला बसला. आणि यंत्रांच्या जोडीला हजारो हौशी माणसं, शाळामास्तर, दुकानदार, विद्यार्थी, गच्चीवर दुर्बिणी लावून बसत. या योजनेचं नाव 'मूनवॉच'. ४ ऑक्टोबर १९५७ ला अमेरिकेच्या आधी रशियानंच स्पुटनिक सोडला तेव्हा कॅमेरे अजून तयार नव्हते, हौशी मंडळी तयार होती. साध्या माणसाला नीट शिकवलं तर तो नीट निरीक्षण करतो, हे हायनेक यांनी इथे स्वतः पाहिलं. मला वाटतं, पुढच्या बदलाचं बीज इथे असावं. हा माझा अंदाज, पुस्तकातलं नाही.

१९६० ला ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात खगोलशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. हवाई दलाची सल्लागारी चालूच. २४ एप्रिल १९६४ ला न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो गावी लॉनी झमोरा नावाच्या पोलिसानं, वेगानं चाललेल्या एका मोटारीचा पाठलाग सोडून, गावाबाहेर एक अंडाकृती पांढरी वस्तू जमिनीवर पाहिली आणि ती ज्वाळा सोडत उडून गेल्याचं सांगितलं. जमिनीवर खुणा होत्या, झुडूप जळालेलं होतं. हायनेक स्वतः गेले. उलटसुलट प्रश्न विचारले. माणूस साधा, घाबरलेला, प्रसिद्धीला कंटाळलेला. हे प्रकरण ब्लू बुकच्या दप्तरात 'अनोळखी' म्हणूनच राहिलं. तिथून हायनेक यांच्या बोलण्यात फरक दिसू लागला.

आणि मग आला मार्च १९६६. मिशिगन राज्य. २० तारखेला डेक्स्टर गावाजवळ एका शेतकऱ्यानं आणि त्याच्या मुलानं दलदलीवर दिवे पाहिले. दुसऱ्या रात्री हिल्सडेल कॉलेजच्या वसतिगृहाच्या खिडक्यांतून ८७ विद्यार्थिनींनी तसेच दिवे पाहिले. राज्यभर हलकल्लोळ. हवाई दलानं हायनेक यांना तातडीनं धाडलं. तिथे पोलिसांच्या गाड्या रात्री उजेडामागे धावत होत्या. एकदा तेही गाडीत होते. सगळ्या गाड्या एका चौकात थांबल्या, पोलिसांनी बोट दाखवलं, "तो पाहा!" हायनेक यांनी पाहिलं तर स्वाती नक्षत्राचा तारा.

अशा वातावरणात, पुरता तपास व्हायच्या आत, २५ मार्चला डेट्रॉइटमध्ये पत्रकार परिषद ठेवली गेली. उत्तर तर द्यायचं होतं. हायनेक यांनी विचार केला: दलदल आहे, वसंताची सुरुवात आहे, कुजलेल्या पालापाचोळ्यातून वायू निघतो, तो पेटला तर मंद निळसर-पिवळे दिवे हलताना दिसतात. आपल्याकडे खेड्यात याला भुतांचे टेंभे म्हणत. त्यांनी सांगितलं की या दोन ठिकाणी दलदलीतला वायू हे कारण असू शकतं. 'असू शकतं' हे शब्द पत्रकारांनी तिथेच टाकून दिले. दुसऱ्या दिवशी देशभर मथळे, 'दलदलीचा वायू'. व्यंगचित्रं निघाली. एका बाजूला शास्त्रज्ञाची टिंगल, दुसऱ्या बाजूला त्या शेतकऱ्याची. मिशिगनचे खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आमच्या लोकांना यापेक्षा बरं उत्तर मिळायला हवं म्हणून संसदेत चौकशीची मागणी केली. एप्रिलमध्ये संसदीय समितीपुढे सुनावणी झाली.

पुस्तक वाचताना मी या मिशिगनच्या पानांवर थांबलो होतो आणि याच पानांसाठी ते दुसऱ्यांदा वाचलं. आता सांगतो.

१९८० च्या दशकातली गोष्ट. तालुक्याच्या गावी एका शाखेत मी अधिकारी होतो. बँकेचं नाव घेत नाही, नाव घेण्यासारखा तो पराक्रम नव्हता. बाजाराच्या दिवशी भाजी विकणारी एक बाई आमच्याकडे पैसे भरत असे. एके दिवशी आली, म्हणाली, मागच्या बाजाराला अठराशे रुपये भरले, पासबुकात दिसत नाहीत. काउंटरफॉइल? हरवलं. मी त्या दिवशीची कॅश पाहिली, बरोबर जुळलेली. तिचा लेजरचा फोलिओ पाहिला, जमा नाही. डिसेंबर तोंडावर. तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरला संपायचं. खातेबंदीची घाई, पुढे रांग, बाई हलेना. मला उत्तर तर द्यायचं होतं. मी म्हणालो, "बाई, कॅश जुळते म्हणजे तुम्ही भरलेच नाहीत. घरी ठेवले असतील. घरात कोण आहे? मुलगा? त्याला विचारा एकदा."

उत्तर अगदी शक्यतेतलं होतं. मी खोटं बोललो नव्हतो. दलदल होती, वसंत होता, वायू असूही शकत होता.

सात महिन्यांनी लेजरची बाकी जुळवताना सापडलं. तिच्याच नावाची दुसरी एक खातेदार होती, नव्वद फोलिओ पुढे. अठराशे तिच्या खात्यात पडले होते. कॅश जुळणारच होती. मी त्या दिवशी फक्त सारख्या नावाची खाती पाहिली असती तर वीस मिनिटांचं काम होतं. नोंद फिरवली, व्याजासह दिले आणि स्वतः तिच्या घरी सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "साहेब, म्या तवाच सांगत व्हते." मुलगा घरी नव्हता. त्या भांडणानंतर तो सुरतेला निघून गेला होता. पुढे आला की नाही मला माहीत नाही, माझी बदली झाली.

असो. हायनेक यांच्याकडे परत येऊ.

मिशिगननंतर त्यांनी उघड बोलायला सुरुवात केली. हवाई दलाच्या आकडेवारीबद्दल त्यांची जी तक्रार होती ती ऐका, सभागृहातले बँकवाले आणि अकाउंटंट लगेच ओळखतील. एखादं प्रकरण तपासून शेरा पडतो 'बहुधा बलून'. किंवा 'शक्यता: विमान'. वर्षअखेरीस तक्ता होताना 'बहुधा' आणि 'शक्यता' गळून पडतात आणि उरतं नुसतं बलून, नुसतं विमान. तक्ता स्वच्छ. वरिष्ठ खूश. आमच्याकडे सस्पेन्स खातं असतं. ज्या रकमेचं ठिकाण कळत नाही ती तिथे ठेवायची आणि शोध घ्यायचा. पण हेड ऑफिसला सस्पेन्स आवडत नाही. वर्षअखेरीस ते शून्य दाखवायचं असतं, म्हणून ज्या त्या रकमेला काहीतरी नाव देऊन कुठेतरी बसवण्याची हुक्की येते. शून्य सस्पेन्स म्हणजे चोख शाखा असं मी तरुणपणी समजत होतो.

यानंतरचं थोडक्यात सांगतो. हवाई दलानं कोलोरॅडो विद्यापीठाला पाच लाख डॉलरहून अधिक देऊन डॉ. एडवर्ड काँडन यांच्या हाताखाली स्वतंत्र अभ्यास करवला. जानेवारी १९६९ मध्ये त्यांचा जाडजूड अहवाल आला. काँडन यांचा निष्कर्ष: एकवीस वर्षांच्या या खटाटोपातून विज्ञानाच्या हाती काही लागलं नाही, पुढे वेळ घालवू नये. गंमत अशी की आतल्या पानांत कितीतरी प्रकरणं उलगडलेली नव्हती. १७ डिसेंबर १९६९ ला ब्लू बुक बंद झाल्याचं जाहीर झालं. एकूण नोंदी १२,६१८. त्यांपैकी ७०१ 'अनोळखी'. म्हणजे शंभरात साडेपाच.

या ७०१ चा अर्थ काय, यावर भांडणं आजही चालू आहेत. एक पक्ष म्हणतो, ७०१ यानं परग्रहावरून आली. दुसरा म्हणतो, पुरेशी माहिती मिळाली असती तर हेही शुक्र आणि बलूनच निघाले असते. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मला अधिक पटतं. पण 'निघाले असते' ही जमेची नोंद होत नाही. हायनेक यांचं म्हणणं एवढंच होतं की हे ७०१ सस्पेन्समध्ये ठेवा आणि शोध घ्या, बळेच नाव देऊ नका.

१९७२ साली त्यांनी ते पुस्तक लिहिलं. त्यात वर्गवारी केली. दूरच्या दर्शनांचे तीन गट: रात्रीचे दिवे, दिवसाच्या तबकड्या आणि रडार व डोळे दोन्हींना एकाच वेळी दिसलेल्या वस्तू. मग साधारण पाचशे फुटांच्या आत आलेल्यांचे तीन प्रकार. पहिला, नुसतं जवळून दिसणं. दुसरा, जमिनीवर, झाडावर, मोटारीच्या इंजिनावर काही परिणाम होणं. तिसरा, आत कोणी जीव दिसणं. हा तिसरा प्रकार लिहिताना त्यांना स्वतःलाच संकोच वाटत होता. पण लोकांनी सांगितलेलं आहे आणि आपल्याला रुचत नाही म्हणून गाळणं बरोबर नाही, म्हणून ठेवला. प्रत्येक प्रकरणाला ते दोन गुण देत: गोष्ट किती विचित्र आणि साक्ष किती भरवशाची. कर्ज देताना आम्ही हेच करायचो, प्रकल्प कसा आणि माणूस कसा.

तो तिसरा प्रकार जगभर गाजला तो स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या सिनेमामुळे. हायनेक तांत्रिक सल्लागार होते. शेवटच्या प्रसंगात दाढीवाला, तोंडात पाइप धरलेला म्हातारा क्षणभर दिसतो, ते हेच. त्याच सिनेमात हजारो भारतीय एकदम आकाशाकडे बोट दाखवतात असा एक प्रसंग आहे. पडद्यावर ती हिमालयाकडची जागा म्हणून दाखवली आहे, पण चित्रीकरण झालं मुंबईजवळच्या हाळ नावाच्या गावात. सिनेमातले ते आकाशाकडे बोट दाखवणारे आपलेच मराठी गावकरी. आपण पाडव्याला गच्चीवर तसेच दिसत असणार.

१९७३ मध्ये त्यांनी या अभ्यासासाठी स्वतःचं केंद्र काढलं. नोव्हेंबर १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे भाषण केलं, ग्रेनाडा या चिमुकल्या देशाच्या प्रस्तावावर. त्यातून पुढे फार काही निघालं नाही.

त्यांना सगळं बरोबर कळलं असं मी म्हणणार नाही. अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे वातावरणशास्त्रज्ञ जेम्स मॅकडोनाल्ड यांनी त्यांना रोखठोक विचारलं होतं की हे सगळं दप्तर समोर असताना इतकी वर्षं तुम्ही गप्प का बसलात? त्याला हायनेक यांच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. सल्लागारी गेली असती, दप्तर पाहायला मिळालं नसतं, हे कारण खरं असलं तरी पुरेसं नाही. नोकरी केलेल्या माणसाला हे समजतं, आणि समजतं म्हणूनच टोचतं. पुढे उतारवयात ते परग्रहाची कल्पनाही अपुरी म्हणायला लागले, दुसऱ्या मितींच्या वगैरे गोष्टी बोलायला लागले. तिथे मी त्यांच्यामागे जात नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, जवळजवळ चाळीस वर्षांत हातात धरून दाखवावा असा एकही तुकडा त्यांना मिळाला नाही. आपल्या सिंदेवाहीत एका रात्रीत मिळाला, तो मात्र रॉकेटचा. त्यांच्याकडे होती ती फक्त माणसांची सांगणी. संशयवादी त्यांना भोळा म्हणत आणि श्रद्धावान त्यांना भित्रा म्हणत.

२०२१ मध्ये अमेरिकन सरकारनं पुन्हा एक अहवाल काढला. सैन्यातल्या लोकांनी पाहिलेल्या १४४ घटना, त्यांपैकी एकच खात्रीनं उलगडली. हवा गेलेला मोठा बलून. नासानंही समिती बसवली, तिनं २०२३ मध्ये सांगितलं की परग्रहाचा पुरावा नाही, पण आधी चांगली माहिती गोळा करा, आणि सांगणाऱ्या माणसाची टिंगल थांबवा म्हणजे लोक सांगतील तरी. हायनेक यांनी पन्नास वर्षांपूर्वी हेच लिहिलं होतं.

हायनेक जन्मले त्या १९१० सालच्या मे महिन्यात हॅलेचा धूमकेतू आकाशात होता. तो पंचाहत्तर-शहात्तर वर्षांनी येतो. १९८६ साली तो परत आला आणि २७ एप्रिल १९८६ ला हायनेक गेले, मेंदूतल्या गाठीच्या विकारानं. त्या वर्षी मार्चमध्ये मीही पहाटे चारला उठून, मित्राची दुर्बीण घेऊन, गावाबाहेर त्या धूमकेतूसाठी उभा होतो. अंधूक, कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी दिसलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, दिसला. ती म्हणाली, कशावरून तोच? तारीख, वेळ, दिशा, काहीच लिहून आणलं नव्हतं. आजही छातीठोक सांगता येणार नाही.

आता भाषणाआधी सी विंगमधल्या एका छोट्या मैत्रिणीनं मला विचारलं, "आजोबा, एलियन आहेत का नाहीत, एकच सांगा." बाळ, तुझा प्रश्न मी सस्पेन्समध्ये ठेवला आहे.

आणि एक विनंती कार्यकारिणीला. २०२२ चं ते गेटचं रजिस्टर भरलं म्हणून रद्दीत काढलं होतं, ते मी मागून घेतलं आहे. माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. पान एकोणचाळीस. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी दुपारी चारनंतर यावं, त्याआधी मी झोपलेला असतो. वॉचमन भाऊ आज मागे दाराशी उभे आहेत. ते आत येऊन बसतील तर बरं होईल, खुर्ची आहे इथे.